गॉज पाण्यावर तरंगतंय!

आज दिवसभर गॉजची, म्हणजे जखमेवर ठेवायच्या विरळ सुती कापडाची, बुडण्याची चाचणी. जितकं लवकर बुडेल तितकं ते पाणी चांगलं शोषतं. तांब्याच्या तारेच्या छोट्या बास्केटमध्ये ५ ग्रॅम नमुना सैलसर भरायचा, २० अंशांच्या पाण्यावर १० मिमी उंचीवरून आडवी सोडायची आणि स्टॉपवॉच दाबायचं. १० सेकंदांत बुडायला हवी. शोषक कापसाची ही जुनी परीक्षा गॉजलाही बरोबर पकडते. एक लॉट ४ सेकंदांत गेला. दुसरा मिनिटभर बोटीसारखा तरंगत राहिला, तेही पांढराशुभ्र असून.

रंगावर जाऊच नये. पेरॉक्साइड कापूस पांढरा करतं. पाणी अडवणारं कापसाचं नैसर्गिक मेण काढायचं काम कॉस्टिक सोड्याच्या उकळीचं. उकळी कमी पडली की पांढरं पण पाणी न पिणारं कापड मिळतं. त्याआधी सायझिंगची खळ, म्हणजे विणण्यापूर्वी धाग्याला लावलेला स्टार्च, गेली का, ते आयोडीनच्या थेंबानं बघायचं. निळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, परत स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमच्या बाथमध्ये.

या तरंगणाऱ्या लॉटला मात्र आयोडीन स्वच्छ होतं. थोडा तुकडा पुन्हा कॉस्टिक आणि वेटिंग एजंटमध्ये (पाणी कापडात मुरायला मदत करणारं रसायन) उकळून, धुऊन, सुकवला. लगेच बुडाला. म्हणजे मेणच.

ड्रायरवरही नजर हवी. कापड गरजेपेक्षा जास्त भाजलं तर उरलंसुरलं मेण धाग्यावर पसरतं आणि पास झालेला लॉट नापास होतो. आणि शेवटच्या धुण्यात सॉफ्टनर? कृपया नको. हात लावायला मऊ लागतं, पण जखमेवर ठेवलं की स्राव वरच राहतो. साडीला चालेल, गॉजला नाही.

उद्या यूव्ही दिव्याखाली. निळं चमकलं तर कुणीतरी कापड जास्त पांढरं भासवणारा ऑप्टिकल व्हाइटनर घातलाय.