आतड्यातल्या झिरपणाऱ्या रक्तवाहिन्या मोजताना : माझा अनुभव

आतड्याचा दाहक आजार म्हटला की सगळ्यांचं लक्ष आतल्या अस्तराकडे जातं. व्रण, आव, रक्त. पण त्या अस्तराखाली केशवाहिन्यांचं दाट जाळं आहे आणि या आजारात तेही दुखावतं. वाहिनीच्या आतल्या बाजूने पसरलेल्या एंडोथेलियल पेशींवर इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ या दाहाचा संदेश नेणाऱ्या प्रथिनांचे रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारे रेणू, असतात. तिथे संदेश पोचला की शेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं व्हीई-कॅडहेरिन हे प्रथिन विस्कटतं आणि प्लाझ्मा बाहेर झिरपू लागतो. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने उंदरांमध्ये फक्त एंडोथेलियल पेशींतून इंटरफेरॉन-गॅमाचा रिसेप्टर काढला, तेव्हा कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, सौम्य झाला. ही झिरप मोजण्याची पद्धत मी इथे लिहिते आहे, कारण छापील पद्धतीतल्या दोन ओळींत नेमके चुकणारे टप्पे गळलेले असतात.

सुरुवात संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीने. अर्जात थांबण्याची रेषा स्पष्ट लिहावी: वजन २० टक्के उतरलं की तो उंदीर प्रयोगातून काढायचा, प्रयोगाच्या शेवटच्या, सातव्या दिवसाची वाट बघायची नाही.

सी५७बीएल/६ जातीचे, ८ ते १० आठवड्यांचे उंदीर. आजार घडवण्यासाठी पिण्याच्या पाण्यात डीएसएस, म्हणजे डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, रेणुभार ३६,००० ते ५०,०००. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम, म्हणजे अडीच टक्के. रेणुभार वेगळा घेतला तर आजार आतड्याच्या वेगळ्या भागात आणि वेगळ्या तीव्रतेने होतो, म्हणून लेबल वाचल्याशिवाय डबा उघडू नये. ही पावडर हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की गोळे धरतात, आणि मग तोललेल्या २५ ग्रॅममध्ये पाणी किती ते कळत नाही. मी डबा सिलिका जेलबरोबर बंद ठेवते आणि प्रत्येक नव्या लॉटवर आधी तीन उंदरांची चाचणी घेते, कारण एका लॉटचे अडीच टक्के दुसऱ्या लॉटच्या तीन टक्क्यांएवढे बसू शकतात. एक उंदीर दिवसाला साधारण ४ ते ५ मिली पितो. बाटल्या रोज तोलायच्या. कमी प्यायलेला उंदीर कमी आजारी दिसतो आणि आपण त्याचं श्रेय औषधाला देऊन बसतो.

तीन गट ठेवावेत: साधं पाणी, डीएसएसचा तिसरा दिवस, डीएसएसचा सातवा दिवस. तिसरा दिवस वगळू नका. तेव्हा लेंड्या घट्ट असतात, वजन जेमतेम तेवढंच असतं, रक्त दिसत नाही. वाहिन्यांची झिरप अस्तर उघडं पडण्याआधी सुरू होते का, याचं उत्तर याच खिडकीत मिळतं. सातव्या दिवशी व्रण, रक्तस्राव आणि झिरप यांची सरमिसळ झालेली असते.

रंग एव्हान्स ब्लू. सलाइनमध्ये अर्धा टक्का, गाळून घेतलेला. २५ ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोलिटर, म्हणजे किलोला ४० मिग्रॅ. तो रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटतो, त्यामुळे रंग बाहेर आला म्हणजे अल्ब्युमिन बाहेर आलं असं धरता येतं. शेपटी मिनिटभर ४० अंशांच्या पाण्यात धरली की शीर फुगते. सुई बरोबर बसली तर निळी रेघ शिरेतून सरसर वर पळते आणि थोड्याच वेळात कान व पंजे निळसर होतात. टोचल्या जागी निळा फुगवटा आला तर इंजेक्शन फुकट गेलं. त्या उंदराचा आकडा सरासरीत घेऊ नये, अर्धा गेला असेल असं म्हणूनसुद्धा नाही.

तीस मिनिटांनी पूर्ण भूल, मग वाहिन्यांतला रंग धुऊन काढण्यासाठी हृदयाच्या डाव्या जवनिकेतून पीबीएस (फॉस्फेट मिसळलेलं खारं पाणी), उजव्या अलिंदाला छोटा छेद. साधारण २० मिली, सावकाश. यकृत फिकट मातकट झालं आणि छेदातून स्वच्छ द्रव आला की थांबायचं. इथे घाई झाली तर वाहिन्यांच्या आत उरलेला रंगच झिरप म्हणून मोजला जातो. उलट सिरिंज जोरात दाबली तर त्या दाबानेच केशवाहिन्या उघडतात. निरोगी गटाचं आतडं निळसर दिसलं तर आधी या टप्प्याकडे बघा.

मोठं आतडं उभं चिरून पीबीएसने धुवायचं. सातव्या दिवसाच्या गटात पोकळीत सांडलेलं रक्तही निळं असतं. ते राहिलं तर आपण रक्तस्राव मोजतो, वाहिनीच्या भिंतीची गळती नव्हे. श्लेष्म्याला चिकटलेला रंग जाण्यासाठी ६ मिलिमोलर एन-ॲसिटिल सिस्टीनने एकदा विसळते.

यानंतरची चूक सर्रास होते, आणि तिच्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. बहुतेक जण ओल्या ऊतीच्या ग्रॅममागे रंग काढतात. दाह झालेलं आतडं पाण्याने जड झालेलं असतं. म्हणजे झिरपीमुळेच वजन वाढतं आणि त्याच वाढलेल्या वजनाने आपण रंगाला भागतो. खरा फरक दबून जातो. तुकडा ५५ अंशांवर रात्रभर वाळवून कोरडं वजन घ्या. मग ५०० मायक्रोलिटर फॉर्मामाइड, ५५ अंश, २४ तास, घट्ट झाकणाच्या ट्यूबमध्ये. फॉर्मामाइड गर्भाला घातक आहे. हातमोजे आणि फ्यूम हूड हवेतच. सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचं शोषण ६२० नॅनोमीटरवर मोजायचं, आणि ७४० वरही, कारण उरलेलं हीम, म्हणजे रक्तातलं लाल रंगद्रव्य, ६२० च्या आकड्यात भर घालतं व ती वजा करावी लागते. रंगाच्या माहीत असलेल्या मात्रांचा प्रमाण-आलेख फॉर्मामाइडमध्येच बनवायचा, पाण्यात नाही.

आकडा वाढला, पण कोणत्या रिसेप्टरमुळे, हे रंग सांगत नाही. त्यासाठी रंग न दिलेल्या वेगळ्या उंदरांचं आतडं घेते, कारण एव्हान्स ब्लू स्वतः लाल प्रकाशात चमकतो आणि फ्लुरोसन्स बिघडवतो. ऊतीच्या पातळ छेदांवर सीडी३१ (वाहिनीच्या पेशींची खूण), व्हीई-कॅडहेरिन आणि पीव्ही-१ (वाहिनीच्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांवरचं प्रथिन) प्रतिपिंडांनी रंगवून बघते. पीव्ही-१ चं मेका-३२ हे प्रतिपिंड रॅटमध्ये (प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदरात) बनवलेलं आहे, आणि उंदराच्या सीडी३१ साठी सहसा वापरलं जाणारं प्रतिपिंडही रॅटमधलंच. दोन्ही एकत्र टाकली तर त्यांना चिकटून चमकणाऱ्या दुय्यम प्रतिपिंडाला भेद कळत नाही आणि प्रत्येक वाहिनी दोन्ही रंगांत उजळते. सीडी३१ साठी हॅमस्टरमधलं २एच८ हे प्रतिपिंड घ्यावं. आतड्याच्या केशवाहिन्यांत पीव्ही-१ थोडं मुळातच असतं, म्हणून आहे की नाही हे न बघता निरोगी गटाशी तीव्रतेची तुलना करावी.

रिसेप्टर मोजायला पेशी सुट्या करायच्या असतील तर ट्रिप्सिन टाळा. ते पेशीच्या पृष्ठावरचे रिसेप्टरच छाटतं आणि आजारात रिसेप्टर कमी झाल्याचा भास होतो.

आरएनए काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऊतीत उरलेलं डीएसएस रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या विकराला, अडवतं. २६०/२८० चं गुणोत्तर, म्हणजे शुद्धतेचं माप, छान येतं, पण क्यूपीसीआर या जीन मोजण्याच्या चाचणीत सातव्या दिवसाच्या नमुन्यांत तुलनेसाठी घेतलेलं संदर्भ जीनसुद्धा उशिरा उगवतं. आरएनएमध्ये ८ मोलर लिथियम क्लोराइड एक दशांश आकारमानाने घाला, दोन तास बर्फात ठेवा, ४ अंशांवर १४,००० जी ला अर्धा तास फिरवा. हे दोनदा करा, मग सोडियम ॲसिटेट आणि इथेनॉल. निरोगी गटाचे नमुनेही याच वाटेने न्या, कारण लिथियममध्ये थोडं आरएनए वाया जातं आणि ते दोन्हीकडे सारखंच जायला हवं.