टायगर मॉथ आणि माझे झोपलेले पाय

सेस्ना या छोट्या विमानावर नव्वदएक तास झाले, लायसन्स हातात आलं आणि माझा पक्का समज झाला की विमान चालवणं हे हातांचं काम आहे. पाय आपले ब्रेक मारण्यापुरते, फार तर टेक-ऑफला जरा दाबण्यापुरते. टायगर मॉथच्या पहिल्या टेक-ऑफमध्ये हा समज चार सेकंद टिकला असेल.

डी हॅविलंड कंपनीचं हे दोन मजली पंखांचं विमान १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढे आठ हजारांहून जास्त बनली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या कितीतरी वैमानिकांनी विमानाचं बाराखडीपुस्तक म्हणून हेच गिरवलं. स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, वर ताणून बसवलेलं कापड. उड्डाणापूर्वी पंखावर बोटानं वाजवून बघायचं. ढोलकीसारखा ताठ आवाज आला पाहिजे. पेट्रोल किती उरलंय ते सांगायला वरच्या पंखातल्या टाकीवर एक काचेची नळी आणि तिच्यात वरखाली होणारा दांडा, बस्स.

पहिला दिवस नुसता इंजिन सुरू करण्यात गेला. स्टार्टर नाही, नाकावरचा पंखा हातानं फिरवायचा. आधी कार्बोरेटर भरून वाहायला लावायचा. खाली पेट्रोलचे थेंब पडले की समजायचं झालं. मॅग्नेटोचे, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे, स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला आहेत. मला हा वेडेपणा वाटला होता, पण पंख्यासमोर स्वतः उभा राहिलो तेव्हा पटलं: ज्याचा हात जायचा त्याला स्विच दिसलेच पाहिजेत. बाहेरचा ओरडतो "स्विच ऑफ", आत बसलेला तेच शब्द परत म्हणतो. मग "कॉन्टॅक्ट", म्हणजे स्विच चालू. पंखा खाली ओढायचा आणि त्याच झोकात मागे सरायचं. पुढे झुकून ओढायचं नाही, अंगठा पात्यामागे अडकवायचा नाही. हे दोन नियम मी रात्री झोपेतसुद्धा म्हणत असेन.

शिकणारा मागे बसतो, कारण एकट्यानं उडवायचं तेही मागूनच. पुढे प्रशिक्षक. म्हणजे मला समोर काय दिसत होतं? त्यांचं डोकं, आणि त्याच्या पलीकडे आकाशाकडे तोंड करून बसलेलं नाक. जमिनीवर चालताना नागमोडी जायचं, एकदा या बाजूनं वाकून बघायचं, एकदा त्या. ब्रेक नाहीत. शेपटाखाली चाकही नाही, लोखंडी टाच आहे, ती गवतात घासत जाते तोच काय तो ब्रेक.

आता ते चार सेकंद. सेस्नात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, पुढे केला की नाक डावीकडे जातं म्हणून उजवा पाय दाबायचा, ही सवय हाडांत मुरलेली. इथलं जिप्सी मेजर इंजिन पंखा उलट्या दिशेनं फिरवतं. नाक उजवीकडे वळायला लागलं आणि माझा इमानी उजवा पाय त्यालाच मदत करायला धावला. समोरचं कुंपण बाजूला सरकत गेलं. इंटरकॉममधून एकच शब्द आला, "पाय!" आणि रडर बार, म्हणजे शेपटाचं सुकाणू वळवणारा पायांचा दांडा, माझ्या बुटाखालून आपोआप हलला.

पुढचे कित्येक तास तो शब्द मी ऐकत होतो. हवेतही सुटका नाही. एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांच्या कडेच्या झडपा, फक्त खालच्या पंखांना आहेत. काठी डावीकडे नेली की विमान डावीकडे कलतं, पण नाक आधी उजवीकडे रेंगाळतं. रडर बरोबर नसेल तर ते यंत्रावर बघायलाच नको, उघड्या कॉकपिटमध्ये वारा थेट एका गालावर बसतो. शिक्षकाइतकाच हा गाल कामाला आला.

उतरणं मात्र वेगळंच प्रकरण. ताशी ६५ मैलांच्या आसपास खाली यायचं, जमिनीलगत विमान सपाट धरायचं आणि काठी मागे-मागे घेत राहायची, दोन्ही चाकं आणि टाच एकदम टेकेपर्यंत. जरा लवकर टेकलं तर चाकं अडतात, शेपूट खाली बसतं, पंखांचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा उडी मारतं. माझ्या बेडूकउड्या प्रशिक्षक मोठ्यानं मोजायचे. एकदा पाचपर्यंत गेले होते.

आणि टेकलं म्हणजे संपलं असंही नाही. विमानाचं वजन पुढच्या चाकांच्या मागे असतं, त्यामुळे शेपटाला सतत पुढे निघून जायचं असतं. सहाव्या दिवशी टेकल्यावर मी सुटकेचा श्वास सोडला, पाय सैल सोडले, आणि विमान जागच्या जागी अर्धा गिरका घेऊन आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून थांबलं. काही मोडलं नाही. पुढच्या सीटवरून बराच वेळ कोणी बोललं नाही, ते जास्त लागलं.

नंतर मी हट्टानं एकच केलं: पूर्ण थांबेपर्यंत पाय हलवत ठेवायचे, गरज असो नसो. दिसायला विचित्र, पण लँडिंग सुधारली.

एके सकाळी वारा जवळजवळ पडलेला होता. तीन बरी लँडिंग झाल्यावर प्रशिक्षक इंजिन चालू असतानाच उतरले, पुढच्या सीटचे पट्टे घट्ट बांधले, जेणेकरून ते काठीत अडकू नयेत, आणि हात दाखवून गवतात जाऊन बसले. एका माणसाचं वजन कमी झालेलं, विमान मला तयार व्हायच्या आत वर गेलं. समोर पहिल्यांदाच डोकं नव्हतं. एकच फेरी मारली. उतरताना एक छोटी उडी बसली, पण सरळ रेषेत. परत आलो, स्विच बंद केले, पंखा थांबला.

ते चालत आले, कॉकपिटच्या काठावरून आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "अहो, आता तरी थांबवा पाय."