लोकरीचं उलटं कॅलेंडर

माझा मागचा स्वेटर भर उन्हाळ्यात पूर्ण झाला. त्याच्या आधीचाही. थंडीची चाहूल लागली की हात शिवशिवायला लागतात, सुया निघतात, पाठ झपाट्याने होते, पुढचा भाग जरा रेंगाळतो आणि दुसऱ्या बाहीपर्यंत पोचेस्तोवर डोक्यावर पंखा फिरत असतो. मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन घामाघूम होत विणणाऱ्या बाईकडे घरचे ज्या नजरेने बघतात, ती मला आता पाठ आहे.

म्हणून यंदा थंडी सरायच्या आतच उन्हाळ्याचा धागा आणला. सूत आणि लिनन अर्धं अर्धं, नव्या हंगामाच्या रंगातलं, कच्च्या कैरीसारखं हिरवं. रंगाला भुलले, हे कबूल. पण रंग फार तर दोन ओळी पुरतो, मग धाग्याचा स्वभाव कळायला लागतो.

लोकर क्षमाशील असते. तिच्या तंतूंना मुळातच कुरळेपणा असतो, ताणली की परत जागेवर येते. एखादा टाका सैल पडला तरी धुतल्यावर शेजारपाजारच्यांत मिसळून जातो. सुताला ही लवचिकता नाही. सैल टाका सैलच दिसतो आणि तासाभरात मनगट बोलायला लागतं. लिनन तर पहिल्या दिवशी सुतळीच विणतोय असं वाटायला लावतं. मात्र प्रत्येक धुण्यात ते मऊ होत जातं, आणि ओलं असताना उलट जास्त मजबूत असतं. बांबूचा धागाही हाताळून पाहिला. तो बहुतेकदा बांबूचा लगदा विरघळवून काढलेला व्हिस्कोस असतो. चमक सुरेख, पण स्वतःच्याच वजनाने लोंबतो. नावांचं तर विचारूच नका. अंगोरा शेळीच्या केसांचा धागा म्हणजे मोहेर आणि अंगोरा नावाने मिळतो तो सशाचा! मोहेरच्या वाटेला मी पुन्हा जाणार नाही. विणताना ढगासारखा, उसवताना मात्र एकेक तंतू दुसऱ्याच्या गळ्यात पडलेला.

नवा धागा आला की आधी चौकोन विणून बघायचा, हे मी महागात शिकले. एकदा लेबलवर १० सेंटिमीटरला २२ टाके लिहिले होते, तेवढ्या भरवशावर १०० सेंटिमीटर घेरासाठी २२० टाके घातले. माझा हात सैल, १० सेंटिमीटरला २०च बसत होते. घेर झाला ११०. दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटरात आणखी एक लहान मूल मावेल एवढी जागा. चौकोन धुवूनही बघावा लागतो. मशीनमध्ये आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर पाण्यातून निघाली की कधीकधी चांगलीच सैलावते.

तर हा हिरवा चौकोन विणला, धुतला, टॉवेलवर पसरून वाळवला. हातात घेतल्यावर कालची सुतळी ओळखू येईना. पट्टी लावून मोजलं. लेबल म्हणतं ३.५ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरला २४ टाके. माझे २३. पुन्हा मोजले, जरा लबाडी करून, पट्टी किंचित सरकवून. तरी साडेतेवीसच्या वर जाईनात.

म्हणजे सुई बारीक हवी, ३.२५ची. डबा पालथा घातला, कपाट धुंडाळलं, सोफ्याच्या फटीत हात घालून पाहिला. शेवटी सापडली. यंदाच्या स्वेटरच्या दुसऱ्या बाहीची रिब, म्हणजे काठाची ताणणारी पट्टी, चार ओळी विणून तिच्यावरच लटकलेली आहे.