तुम्ही विचारलंत म्हणून: मग प्रार्थना कशासाठी?

"शेळ्या देता, बचत गट चालवता, बांधबंदिस्ती करता, चांगलंच आहे. पण खरं सांगा, शेवटी धर्मांतरासाठीच ना?" हा प्रश्न मला एसटीत विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, तहसील कचेरीच्या बाकावरही. मी खेड्यांत काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेत आहे आणि कामाबरोबर आम्ही गावात प्रार्थनाही ठेवतो, म्हणून. माझ्या आत्याचा प्रश्न नेमका उलटा असतो: "इतकी वर्षं खेड्यापाड्यांत राबतेस, बाप्तिस्मे किती झाले?" दोघांनाही मी आजवर एका वाक्यात उत्तर देऊन सुटका करून घेतली. आज नीट सांगते.

नाही, धर्मांतरासाठी नाही. आमच्याकडे शेळीसाठी कुणाला देव बदलावा लागत नाही. आणि आमिषाचंच म्हणाल, तर हिशोब उलटा आहे. अनुसूचित जातीतल्या माणसानं बाप्तिस्मा घेतला, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्याचा तो दर्जा जातो. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात जागा मिळाली, ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाही. त्या दर्जावर मिळणारी मुलांची शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली. दोन शेळ्यांसाठी कुठली आई हे पत्करेल?

इथवर माझी बाजू भक्कम आहे. पुढचं सांगायला जड जातं.

आमच्या एका गावात एक विधवा मावशी दर शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला यायच्या. डोक्यावर पदर, मांडीवर नातू, जागा कायम सतरंजीच्या कडेला. गाणं त्यांना येत नव्हतं, पण ओठ हलायचे. त्यांना बघून मला बरं वाटायचं.

मग शेळ्या कुणाला द्यायच्या त्याची यादी करायचा दिवस आला. यादी आम्ही करत नाही, गाव करतं. प्रत्येक घराच्या नावाची चिठ्ठी जमिनीवर ठेवतात आणि लोकच ढीग लावतात: कुणाला विहीर आहे, कोण ऊसतोडीला जातं, कुणाकडे काहीच नाही. मावशींची चिठ्ठी आधी शेवटच्या ढिगात पडली होती. कुणीतरी म्हणालं, "हिचा पोरगा शहरात कामाला आहे की," आणि चिठ्ठी एक ढीग वर सरकली. सगळ्यांसमोर यादी वाचली, तेव्हा त्यात त्यांचं नाव नव्हतं.

लोक पांगले तरी त्या थांबल्या. सतरंजीचं दुसरं टोक धरून मला घडी घालू लागल्या आणि घडी होता होता म्हणाल्या, "ताई, माझं काय चुकलं? एक शुक्रवार चुकवला नाही मी. नातवाला ताप होता तरी आले."

मी घाईघाईनं समजावू लागले. प्रार्थनेचा आणि यादीचा काही संबंध नाही, यादी गावानं केली.

"गावानं केली. पण शेळ्या तर तुमच्याच ना?"

पुढच्या शुक्रवारी त्या आल्या नाहीत. नंतरही नाहीत. भांडल्या नाहीत, वाटेत भेटल्या की माझ्या आईची चौकशी करतात.

मदतकार्य करणाऱ्या संस्थांची १९९४ ची एक आचारसंहिता आहे, रेडक्रॉसनं इतर संस्थांबरोबर केलेली. मदत देताना ती कुठलंही धर्ममत स्वीकारण्याशी जोडायची नाही, असं तिच्या तिसऱ्या कलमात आहे. मला ते तोंडपाठ आहे आणि आम्ही ते पाळलंही होतं. मदत आणि प्रार्थनेची ती गाठ मावशींनी त्यांच्या बाजूनं मारली होती. आणि का मारू नये? रेशनकार्ड असो, घरकुल असो, सावकाराची उसनवारी असो, कुणाच्या तरी दारात बसल्याशिवाय त्यांना आयुष्यात काही मिळालेलं नाही. आधी मला त्यांचा रागच आला होता, म्हणजे एवढे दिवस ही बाई शेळीसाठी येत होती! पण मीही देवासमोर बसते ती काहीतरी मागायलाच. माझं मागणं खरं आणि त्यांचं खोटं, हे ठरवणारी मी कोण?

पूर्वी मी सरळ सांगायचे, "आमची श्रद्धा वेगळी, काम वेगळं." ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून होतं. श्रद्धा काढून घेतली तर उन्हाळ्यात त्या वाड्यावस्त्यांवर मी जाणार नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले ते ख्रिस्ती श्रद्धेपोटीच. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि धर्म बदलायची अट कुणालाही नव्हती. गाडगेबाबांना कुणी म्हणालं नाही की खराटा पुरे, कीर्तन कशाला. ही उदाहरणं मी वादात नेहमी पुढे करते. पण बाबांच्या हातात लाभार्थ्यांची यादी नव्हती. मी यादी करत नसले तरी शेळ्या माझ्याच संस्थेच्या आहेत.

आता यादीचं काम सुरू असताना त्या गावात आम्ही प्रार्थना ठेवत नाही, आणि वाटपातला माणूस प्रार्थना चालवत नाही. माझा एक सहकारी म्हणतो, पूर्णच बंद करा. दुसरी म्हणते, आपण कशापोटी आलोय ते लपवणं ही गावाची फसवणूक होईल. दोघांचं मला पटतं, म्हणून अजून निर्णय झालेला नाही.

मावशींचा मुलगा काम सुटून परत आलाय. पुढच्या यादीत त्यांचं नाव येईल की नाही, ते गाव ठरवेल. त्यांना शुक्रवारी बोलवावं असं मला फार वाटतं. यादी लागण्याआधी बोलावणार नाही. लागल्यानंतर बोलावलं तर त्या त्याचा काय अर्थ घेतील, आणि नाव आलं असेल तर त्यांना नाही म्हणता येईल का, हे माझं अजून ठरत नाही.