पाळोळे ते गालजीबाग: न ठरवलेली पायपीट आणि ओहोटीचा हिशोब

दक्षिण गोव्याच्या टोकाला, काणकोणात आल्यावर दिवसाचा बेत आखायची गरज पडत नाही. एवढंच आदल्या रात्री बघून ठेवायचं, उद्या ओहोटी किती वाजता. आम्ही चौघं सॅक पाठीवर टाकून काणकोण स्टेशनवर उतरलो तेव्हा तेवढंच ठरलेलं होतं. बाकी दिवस पाण्यानेच ठरवला.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचार. शुक्ल असो की कृष्ण, पक्ष बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हा हिशोब मुंबईच्या बाजूला बरोबर बसतो. गोव्यात भरती साधारण तासभर आधी येते, म्हणून आम्ही पावणेतीन धरले. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं, त्यामुळे सकाळची पूर्ण ओहोटी साडेआठला. मोबाईलवरच्या तक्त्याशी ताडून बघा, दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात. दुसऱ्या दिवशी हीच वेळ सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी चढतं कसं. ते एकसारखं चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात फरक जेमतेम कळतो, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येऊन जाते. फसगत होते ती इथेच. पहिल्या तासातलं पाणी बघून माणूस निवांत बसतो आणि परत निघेपर्यंत वाट बुडालेली असते. म्हणून खडकांवरून जायचं ते पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा दीड तास, तेवढ्यातच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी जास्त मागे हटतं आणि तेवढंच जोरात परत येतं.

मोठ्या सॅक खोलीवर ठेवा. बारा-पंधरा किलो वजन घेऊन ओल्या खडकावर तोल सांभाळता येत नाही. छोट्या पिशवीत माणशी दोन लिटर पाणी, टोपी, मोबाईलसाठी प्लास्टिकची पिशवी आणि मागे पट्टा असलेले सँडल. साध्या रबरी चपला इथे चालत नाहीत, वाळूत रुततात आणि खडकावर पायातून सुटतात. नाश्ता चावडीवर, म्हणजे काणकोणच्या बाजारात, करून घ्यावा. पातळ भाजी आणि पाव, वर मिरचीची भजी. चावडी ते पाळोळे दोन-तीन किलोमीटर आहे, बस नसेल तर पायलट मिळतो. गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी, नव्या माणसाचा गोंधळ होतो म्हणून सांगितलं. गाडी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने फिरवली तर दंड होतो.

आम्ही सव्वासातला पाळोळ्याच्या उत्तर टोकाला होतो. तिथे ओढा ओलांडला की समोर काणकोणचं बेट. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. पण दक्षिणेला लांब जायचं असेल तर बेटावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ घालवू नका, कारण ओहोटी एकच आहे आणि ती दोन्हीकडे पुरवायची आहे.

उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर जांभ्याचे कडे, तर इथे ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे. कोरड्या ग्रॅनाइटवर पाय घट्ट धरतो. घसरतो तो काळपट तकाकी आलेल्या पट्ट्यावर. हिरवं शेवाळ निदान दिसतं तरी, हा काळा थर नुसता ओला दगड वाटतो. त्याच्या खालच्या अंगाला कालवं चिकटलेली असतात. वरचं कवच फोडून नेलं की खालचं तिथेच राहतं आणि त्याची कड ब्लेडसारखी उभी असते. तोल गेला की हात आपोआप तिथेच टेकतो. आमच्यातल्या एकाचा तळवा असाच कापला. जखमेत कवचाचा चुरा राहिला तर ती पिकते, म्हणून बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने ती बराच वेळ धुवावी लागली. तेव्हा दोन लिटरमधलं थोडं पाणी पिण्यासाठी नाही असंच धरून चाला.

पाळोळ्याचा दक्षिणेकडचा खडक ओलांडला की कोळंबची छोटी खाडी, पुढे चढ चढून उतरलं की पाटणे. पाटण्याहून राजबागला जाताना पुन्हा खडक. इथे खाली वाळूकडे बघा. चिमुकले खेकडे वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडतात. नक्षी अखंड असेल तर त्या जागी अजून पाणी आलेलं नाही. गोळ्या विरघळून नुसता खरबरीतपणा उरला असेल तर लाट तिथवर पोहोचून गेली, आता खडकाचा नाद सोडून वरच्या रस्त्याने जायचं.

सगळं मिळून पाचेक किलोमीटर. थांबत थांबत आम्ही दहाच्या आत राजबागच्या शेवटाला पोहोचलो, आणि समोर तळपण नदी. पलीकडचा किनारा हाकेच्या अंतरावर दिसतो, आणि मोह होतो तो त्यामुळेच. मुखापाशी चालत पार करू नका. ओहोटीला नदीचं आणि खाडीचं पाणी एकत्र समुद्राकडे ओढलं जातं, कमरेएवढ्या पाण्यातही पाय उचलले जातात, आणि वाळूचा तळ दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. मागे वळून रस्त्याला लागायचं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या बगलरस्त्याचे पूल तळपण आणि गालजीबाग या दोन्ही नद्यांवर आहेत. पुलावरून चालणं रुक्ष आहे, सावली नाही, गाड्या भरधाव. रिक्षा मिळाली तर सरळ बसा, यात कमीपणा काही नाही.

दुपारी बटरफ्लाय बीचचा विषय निघाला आणि लगेच मिटला. तो उत्तरेला, आगोंदच्या वाटेवर. रानातून उतरणाऱ्या वाटेला फाटे फार, मोबाईलला रेंज नाही, पाणी नाही. तिकडे सकाळीच जावं. त्याऐवजी आम्ही जेवलो. माशाची थाळी दीडच्या आत गाठायची, अडीचनंतर बहुतेक ठिकाणी शीत, म्हणजे भात, संपलेलं असतं आणि गाव झोपलेलं. तिसऱ्या (शिंपल्या) होत्या, सुक्या मासळीचं किसमूर होतं, सोलकढी पुन्हा मागितली तर मिळाली.

चारनंतर गालजीबाग. सुरूच्या झाडांमागे लांब, जवळजवळ रिकामा किनारा. इथे पोहायला उतरू नये, हाक मारली तर ऐकायला कोणी नसतं. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये इथे अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. वनखातं घरट्यांना कुंपण घालतं. कुंपणाच्या आत हात घालू नका, भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत काठ्या रोवू नका, शेकोटी तर नकोच. पिल्लं उजेडाच्या दिशेने निघतात. समुद्रावरचं आकाश त्यांना उजळ दिसतं म्हणून ती पाण्याकडे जातात, मागे टॉर्च लावली तर उलट्या दिशेने.

परतीची गाडी दुपारीच सांगून ठेवा. अंधारात इथे पायलट मिळत नाही आणि बसचा भरवसा धरू नये. सूर्य बुडल्यावर आम्ही मोबाईल खिशात टाकले आणि वाळूचा फिकट पट्टा धरून, सुरूच्या सुया पायाखाली लागेपर्यंत अंधारातच चालत आलो. रिक्षा रस्त्यावर, दिवे बंद करून उभी होती.