भरलेलं स्टेडियम आणि ओसरलेला चौथा क्वार्टर

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे लंबगोल चेंडूच्या, चार क्वार्टरांत खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये, प्रत्येक सामन्याच्या गर्दीचे दोन आकडे असतात. एक लाउडस्पीकरवरून जाहीर होतो, दुसरा गेटवरच्या स्कॅनरमध्ये राहतो. जाहीर आकड्यात विकलेली, वाटलेली, विद्यार्थ्यांनी फुकट घेऊन ठेवलेली सगळी तिकिटं धरतात. स्कॅनर मात्र आत आलेलं माणूसच मोजतो. २०१७च्या हंगामाचे आकडे वॉल स्ट्रीट जर्नलने गोळा केले होते. त्यात आत आलेले लोक जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच निघाले. दक्षिणेकडच्या एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठात सामन्याच्या दिवशीची गेटं, रांगा आणि स्कॅनिंग माझ्याकडे असतं, त्यामुळे माझा संबंध त्या दुसऱ्या आकड्याशी.

आमचा संघ काही वर्षांपूर्वी खालच्या गटातून एफबीएस या वरच्या गटात आला आणि लगेच जिंकायला लागला. स्टेडियम साधारण २०,००० आसनांचं. राज्यातलं सगळ्यात मोठं विद्यापीठ आमच्या मैदानावर पहिल्यांदाच खेळायला येणार म्हटल्यावर तिकिटं उन्हाळ्यातच संपली होती. त्या शनिवारी रात्रीच्या सामन्यात जे दिसलं, त्यावरून वाढत्या संघाला नेमकं काय वाढवावं लागतं याचा अंदाज येतो.

आधी गेटांचं गणित. तिकीटधारकांपैकी सुमारे ६० टक्के लोक किकऑफच्या, म्हणजे सामना सुरू होण्याच्या, आधीच्या ४५ मिनिटांत येतात, कारण त्याआधी ते पार्किंगमध्ये तंबू ठोकून टेलगेटिंग, म्हणजे गाडीपाशी खाणंपिणं, करत असतात. २०,०००चे ६० टक्के म्हणजे १२,०००. मेटल डिटेक्टर, बॅग तपासणी आणि स्कॅन मिळून एका रांगेतून तासाला ५०० माणसं आत गेली तर ती चांगली रांग. ४५ मिनिटांत ३७५. म्हणजे ३२ रांगा हव्यात. आमच्याकडे २४ होत्या. त्यातून ९,००० लोक जातात, ३,००० किकऑफच्या वेळी बाहेरच राहतात आणि पुढची पंधरा मिनिटं आत येत राहतात. त्या रात्री अगदी तसंच झालं. पहिला टचडाउन होऊन गुण मिळाले तेव्हा विद्यार्थ्यांच्या गेटची रांग ग्रंथालयाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होती. आतला जल्लोष ऐकून मागचे पुढे रेटायला लागले. रांगेत असं रेटणं सुरू झालं की मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून तिथे आडव्या बॅरिकेडने रांगेचे तुकडे पाडून एकेक तुकडा सोडावा लागला.

रांग अडते ती बहुतेक वेळा फोनमुळे. तिकीट मोबाइलवर असतं, बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, स्क्रीनशॉट चालत नाही. हजारो फोन एकाच टॉवरवर आले की नेटवर्क बसतं, आणि माणूस स्कॅनरपाशी पोचल्यावर पान उघडायला लागतो. यावरचा खरा उपाय स्वस्त आहे. रांगेत मागे तीस-चाळीस फुटांवर दोन स्वयंसेवक उभे करायचे. त्यांनी फक्त ‘तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा, स्क्रीनचा उजेड वाढवा’ एवढं सांगत फिरायचं. आमच्या अनुभवात नवीन स्कॅनर घेण्यापेक्षा याने रांग जास्त भरभर सरकते.

दुसरी अडचण बॅगेची. १२×६×१२ इंचांची पारदर्शक पिशवी चालते, पाठीवरची सॅक चालत नाही. त्या संध्याकाळी एक मुलगा लॅबमधून थेट आला होता, पाठीवर सॅक. माझा बिल्ला वाचून म्हणाला, “सर, तुम्ही मराठी ना? आत लॅपटॉप आहे हो, कुठे ठेवू?” पुण्याहून एमएस करायला आलेला, आयुष्यातला पहिला फुटबॉल सामना बघायला. मी म्हटलं, “अरे, पश्चिमेच्या गेटाशी तंबू आहे, तिथे ठेवून ये. पण जाऊन येईपर्यंत पहिला क्वार्टर गेलाच म्हणून समज.” तो गेला आणि परत आला. बरेचजण येत नाहीत. आमच्यासारख्या विद्यापीठांत खेळाच्या खर्चाचा मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. परदेशी विद्यार्थीही ती फी भरतात, त्यांना तिकीट फुकट असतं आणि तरी त्यांच्यातले बहुतेक कधी येत नाहीत. नियम कळत नाहीत, दहा यार्ड पुढे जायला मिळणारे चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, कुणी समजावलेले नसतात, बॅग ठेवायचा तंबू भलतीकडे. गर्दी वाढवायची तर पैसे भरून बाहेर राहिलेला हा प्रेक्षक सगळ्यात आधी आत यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट बाहेरून दिसतच नाही. ती बाकावर असते. अॅल्युमिनियमच्या बाकावर माणशी १८ इंच जागा धरून आसनसंख्या काढतात. १०० फुटांच्या रांगेत १,२०० इंच, म्हणजे ६६ माणसं. पण जॅकेट घातलेले धट्टेकट्टे तरुण खांद्याला खांदा लावून उभे राहिले की माणशी २१ इंच लागतात आणि त्याच रांगेत ५७ मावतात. ५,००० विद्यार्थ्यांच्या भागात त्यामुळे सुमारे ७०० लोकांना जागाच राहत नाही. तिकीट हातात, स्कॅन झालेलं, आणि उभं राहायला पायऱ्यांची वाट. पायऱ्या अडल्या की फायर मार्शल गेट बंद करायला सांगतो आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणून विद्यार्थ्यांच्या भागाची तिकिटं कागदावरच्या क्षमतेपेक्षा कमीच सोडायला हवीत.

दुसऱ्या क्वार्टरला वीज चमकली. आमच्या आराखड्यात ८ मैलांच्या आत वीज पडली की खेळ थांबतो आणि स्टँड रिकामे होतात. शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं पूर्ण झाल्याशिवाय परत सुरुवात नाही. मधे पुन्हा कडाडली की घड्याळ पुन्हा तिसापासून. २०,००० माणसांना आडोसा कुठे द्यायचा हे आधीच ठरलेलं असावं लागतं: स्टँडखालचा भाग धातूचा आणि उघडा, तिथे थांबू द्यायचं नाही. त्यामुळे लोक बास्केटबॉलच्या सभागृहात आणि बहुमजली पार्किंगमध्ये पाठवले. दर २५० माणसांमागे एक प्रशिक्षित गर्दी-व्यवस्थापक असावा असा सुरक्षा संहितेचा नियम आहे. तो का आहे हे अशा वेळी कळतं.

लोकांना बाहेर काढताना एक काम विसरून चालत नाही. स्कॅनिंग प्रणाली पुनःप्रवेशाच्या सेटिंगवर टाकावी लागते. नाहीतर परत आलेल्या प्रत्येकाच्या तिकिटावर ‘आधीच वापरलेलं’ असा लाल शेरा येतो आणि गेटवर भांडणं लागतात. शिवाय पुनःप्रवेशाचे स्कॅन मूळ आकड्यात मिसळले की एकूण गर्दी फुगते, म्हणून ती नोंद वेगळी ठेवायची.

त्या वेगळ्या नोंदीने मला त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं उत्तर दिलं. तासाभराहून जास्त थांबल्यावर खेळ सुरू झाला, तेव्हा परत आलेल्यांत विद्यार्थ्यांचं प्रमाण इतर कुठल्याही भागापेक्षा ठळकपणे जास्त होतं. त्यांची वसतिगृहं चालत दहा मिनिटांवर. दोन तास गाडी चालवून, लेकरं घेऊन आलेले माजी विद्यार्थी घरी निघून गेले होते. महागड्या मधल्या भागात चौथ्या क्वार्टरला ओळीच्या ओळी मोकळ्या होत्या आणि सामना मात्र चेंडूच्या शेवटच्या ताब्यापर्यंत चुरशीचा. जी मंडळी टिकली त्यांना आम्ही सगळ्यात वाईट गेट, सगळ्यात अरुंद जागा आणि सगळ्यात दूरचा बॅगेचा तंबू दिलेला होता.

विद्यार्थी एरवी हाफटाइमनंतर उठून जातात ही तक्रार सगळीकडे आहे. अलाबामासारख्या बलाढ्य संघानेही २०१९ मध्ये चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबणाऱ्या विद्यार्थ्यांना मोबाइल अॅपवर गुण द्यायला सुरुवात केली. पण अॅपने माणूस बसवून ठेवण्याआधी त्याला पाणी, शौचालय आणि बसायची जागा द्यायला हवी, या मताचा मी आहे.

सोमवारच्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे विषय निघाला: पूर्वेला वरचा मजला बांधायचा, १०,००० आसनं वाढवायची. तिकिटं संपली, मागणी दिसते आहे, आता नाही तर कधी, असा सूर होता. उत्साह मला समजतो, माझाही तो आहे. पण आसन एकटं येत नाही. बांधकाम संहितेनुसार स्टेडियममध्ये स्त्रियांसाठी पहिल्या १,५२० जणींपर्यंत दर ४० जणींमागे एक आणि त्यापुढे दर ६० जणींमागे एक शौचकूप लागतं. पुरुषांसाठी हेच प्रमाण ७५ आणि १२०. १०,००० माणसं वाढली, निम्म्या स्त्रिया धरल्या, तर स्त्रियांकडे ८३ आणि पुरुषांकडे ४२ वाढवावी लागतात. हाफटाइम २० मिनिटांचाच. मग त्या पाइपांना पाण्याचा दाब, सांडपाण्याची वाहिनी, आणखी १६ गेटरांगा, त्यांवर माणसं. हे सगळं वरच्या मजल्याच्या चित्रात दिसत नाही.

सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचं उदाहरण मी तिथे मांडलं. त्यांनी २००७ मध्ये ४५,००० आसनांचं पोलादी स्टेडियम कॅम्पसवर उभारलं. पहिल्याच सामन्यात, टेक्सासविरुद्ध, सप्टेंबरच्या उन्हात लक्षात आलं की पिण्याच्या पाण्याचे नळच नाहीत. बाटल्या संपल्या आणि प्रेक्षकांना उष्णतेचा त्रास झाला. पुढे प्रेक्षकांच्या उड्यांनी स्टँड हलायचा, त्याला जादा पोलाद लावावं लागलं. तरीही कॅम्पसवर येण्याचा निर्णय योग्य होता. तोच संघ २०१७ मध्ये अपराजित राहिला आणि २०२३ मध्ये बिग ट्वेल्व्ह या मोठ्या संघांच्या गटात गेला. पाण्याचा नळ मात्र उद्घाटनाआधी हवा होता.

दुसरा मुद्दा पाहुण्या संघाचा. अॅपलाचियन स्टेट विद्यापीठाच्या किड ब्रूअर स्टेडियमची क्षमता ३०,०००. २०२२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना तिथे आलं तेव्हा ४०,१६८ लोक होते. राज्यातला मोठा शेजारी आला की असं होतंच. पण असा सामना रोज मिळत नाही, आणि त्या एका दिवसाच्या गर्दीवर कायमचं काँक्रीट ओतलं तर उरलेल्या पाच सामन्यांत रिकामी आसनं टीव्हीवर दिसतात. टेक्सास-सॅन अँटोनिओ विद्यापीठाने २०११ मध्ये पहिला सामना अलामोडोममध्ये खेळला तेव्हा ५६,७४३ लोक आले होते. छप्पर असल्यामुळे विजेची भीती नाही, जागा भरपूर. पण ते मैदान मुख्य कॅम्पसपासून दूर, शहराच्या मध्यभागी. आमच्या त्या रात्री टिकून राहिले ते चालत येणारे विद्यार्थी, आणि तिथे तेच अंतर वाढतं.

आणि प्रशिक्षक जातो. वाढत्या संघाने हे गृहीतच धरावं. जेम्स मॅडिसन विद्यापीठ २०२२ मध्ये एफबीएसमधल्या सन बेल्ट गटात आलं. २०२३ मध्ये ११ सामने जिंकल्यावर प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी इंडियाना विद्यापीठाला गेले आणि काही खेळाडूही त्यांच्या मागे गेले. नंतर बॉब चेस्नी आले, २०२५ मध्ये संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीपर्यंत, पोचला आणि तेही यूसीएलए विद्यापीठाला गेले. पण ब्रिजफोर्थ स्टेडियमची क्षमता त्यांनी २०११ मध्येच, खालच्या गटात असताना, २५,०००च्या जवळ नेली होती. प्रेक्षक आधी जमवला, मग गट बदलला. म्हणून विस्ताराचा निर्णय विजयांच्या संख्येवर न घेता सीझन तिकिटांच्या नूतनीकरणावर आणि तिसऱ्या क्वार्टरला भरलेल्या आसनांवर घ्यावा, असं मी सुचवलं. तिसऱ्या क्वार्टरचा आकडा काढणं अवघड नाही: क्वार्टर सुरू झाल्यावर पंधराव्या मिनिटाला स्टँडच्या प्रत्येक भागाचा छतावरून फोटो काढायचा आणि ओळी मोजायच्या.

चर्चेअंती वरचा मजला पुढे ढकलला गेला. या हंगामासाठी विद्यार्थ्यांच्या गेटवर आठ रांगा वाढवायच्या, म्हणजे बत्तिसाचं गणित जुळतं. बॅगेचा तंबू त्याच गेटाशेजारी. पिण्याच्या पाण्याचे नळ दोन्ही टोकांना. उत्तरेच्या गवताळ उतारावर कठडे लावून उभ्याने बघायची जागा, जी मोठ्या सामन्याला उघडता येते आणि लहान सामन्याला बंद ठेवता येते. पश्चिमेला बाक काढून पाठ असलेल्या खुर्च्या: आसनं थोडी घटतील, पण एका खुर्चीचं उत्पन्न बाकापेक्षा कितीतरी जास्त. जुलै २०२५ पासून खेळाडूंना विद्यापीठाकडून थेट वाटा देता येतो, त्याची कमाल मर्यादा पहिल्या वर्षाला २०.५ दशलक्ष डॉलर होती. आमच्यासारख्यांना ती गाठणं शक्य नाही, म्हणून आहे त्या आसनातून जास्त मिळवणं भाग आहे.

पुढचा घरचा सामना टीव्हीच्या सोयीने बुधवारी रात्री आहे. किकऑफ साडेसातला, आणि टेलगेटिंगचे तीनही मोठे तळ दुपारी कर्मचाऱ्यांच्या गाड्यांनी भरलेले असतात. तळ तीनपर्यंत रिकामे झाले नाहीत तर गेटं चारऐवजी सहाला भरायला लागतील आणि ६० टक्क्यांचे ८० टक्के होतील. ८० टक्के म्हणजे १६,००० माणसं, त्यांना ४५ मिनिटांत आत घ्यायला ३२ रांगाही पुऱ्या पडणार नाहीत. सध्या मी प्रत्येक विभागाला पत्रं पाठवतो आहे आणि दक्षिणेच्या तळावरून शटल बसची वाट आखतो आहे.