कोरा रकाना

आमच्या हायस्कुलाच्या ड्रॉइंग हॉलची गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. १९१८च्या इन्फ्लुएंझात एक मुलगा वर्गातच गेला, आणि दिवेलागणीला त्याचं बाक अजून करकरतं. करकर खरी आहे. दिवसभर तापलेले सागवानी वासे आणि मंगळुरी कौलांखालच्या रिपा संध्याकाळी निवताना वाजतात. माळ्यावरचं गव्हाणी घुबड फुत्कारलं की कुणी दीर्घ श्वास टाकल्यासारखं वाटतं. पण मुलगाही खरा होता. जनरल रजिस्टरात, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या आणि नाव कमी झाल्याच्या नोंदवहीत, त्याची नोंद आहे: ऑक्टोबर १९१८, ‘नाव कमी’, कारणाचा रकाना कोरा. मुंबई इलाख्यात साथीचा कहर झाला तो याच महिन्यात. कोऱ्या रकान्यात लोकांनी मरण भरलं.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचा एक तरुण ऑफिसात आला. “सर, जातीच्या दाखल्याला पणजोबांचा शाळेचा पुरावा पाहिजे होता. बघा की जरा.”

चिठ्ठीवर तेच नाव होतं.

“पणजोबा कधी वारले?”

“आजोबांच्या लग्नात होते की ते!”

जुनं रजिस्टर प्रवेशाच्या क्रमानं लिहिलेलं असतं, इयत्तेनुसार नाही. नावांची सूचीही नसते. नाव कमी होऊन परत आलेल्या मुलाला आमच्याकडे नवा क्रमांक पडे, त्यामुळे त्याचं पुढचं शिक्षण कितीतरी पानं पुढे सापडतं. पहिली नोंद मिळाली की शोधणारा थांबतो, आणि घोटाळा होतो तो तिथंच. आडनावावर विसंबू नये, त्याचं इंग्रजी स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव आणि जन्मतारीख, ही चारही जुळली पाहिजेत.

रजिस्टर बांधलेला कापडी रुमाल सोडला तेव्हा पानं दमट होऊन चिकटलेली होती. अशी पानं ओढायची नाहीत आणि उन्हातही ठेवायची नाहीत. रजिस्टर अर्धवट उघडं उभं करून पंख्याच्या मंद वाऱ्यात सुटू द्यायचं. थुंकी लावून पान उलटणं तर पापच. जुन्या शाईत लोह असतं, ते कागद खातं, आणि पान नेमकं अक्षराच्या रेघेवर फाटतं. पानाखाली पुठ्ठा सरकवून एकेक उलटत गेलो. दुपार त्यातच गेली.

जून १९१९मध्ये तो सापडला. नवा क्रमांक, तीच जन्मतारीख, तेच गाव, आणि ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात आमचीच शाळा. शेऱ्यात मोडीची एक ओळ होती. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो. सवय नसलेल्याला ती नुसती नागमोडी रेघ दिसते. माझ्या आधीच्यांनी ती सोडून दिली असावी. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना बोलावून घेतलं. भिंग धरून त्यांनी दोनदा वाचलं: ‘वडील वारले सबब गावी होता.’

तरुण बराच वेळ गप्प होता. “घरात हे कधी कुणी बोललं नाही,” एवढंच म्हणाला.

उताऱ्यात दोन्ही नोंदी घेतल्या आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन उतारा दिला. मूळ रजिस्टरात पेन्सिलनंसुद्धा काही लिहायचं नसतं. म्हणून १९१८च्या त्या पानात डिंक न लावता एक सुटी चिठ्ठी ठेवली आहे: ‘हा विद्यार्थी जून १९१९मध्ये परत आला. पुढची नोंद पाहावी.’ खाली नवा क्रमांक.